बीपी ठीक आहे, पण हात गार आहेत : शॉकमधला रुग्ण आणि आपल्याकडची सिस्टर

रानजाई
सिंधुदुर्गातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. पाऊस लागून लावणी सुरू झाली की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप), डेंगी, सर्पदंश, विंचू सगळं एकदमच येतं. त्यातले काही रुग्ण दारातून आत येतानाच शॉकमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या अवयवांना पुरेसं रक्त पोचत नसतं. ते कुणालाही ओळखू येतात आणि त्यांच्यासाठी सगळे धावतात. मला काळजी वाटते ती चालत आलेल्या, नीट बोलणाऱ्या, 'बीपी १०४, ठीक आहे' असं लिहून बाकड्यावर बसवलेल्या रुग्णाची. हा धागा त्याच्यासाठी आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलींनी वाचावा आणि जुन्यांनी भर घालावी.

शरीर बराच वेळ झुंजल्यावर हरायला लागलं की मग बीपी पडतो. धडधाकट तरुणाचं जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा जागेवर राहू शकतो. तोवर शरीर कातडीचं, आतड्याचं, मूत्रपिंडाचं रक्त काढून मेंदूला आणि हृदयाला देत असतं. म्हणून हातपाय गार पडतात, लघवी आटते, मळमळतं, नाडी पळते, आणि मशीनवर मात्र १०४ दिसत राहतो.

समजा नाडी ११८ आहे आणि बीपी १०४/८४. सरासरी दाब (खालचा आकडा अधिक दोन आकड्यांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा) काढला तर ९० भरतो, म्हणजे आपण किमान धरतो त्या ६५ पेक्षा कितीतरी वर. पण दोन आकड्यांमधलं अंतर बघा, फक्त २० आहे. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे खालचा आकडा चढलाय. नाडीला वरच्या बीपीने भागलं तर १.१ च्या वर येतं. निरोगी माणसात ते ०.५ ते ०.७ च्या दरम्यान असतं. डेंगीचा ताप कालच उतरलेल्या, पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाचे हे आकडे असतील तर तो आत्ता शॉकमध्ये आहे. ताप उतरला म्हणून घरचे खूश असतात आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपत असतं.

खाटेपाशी गेल्यावर मी मशीन लावायच्या आधी रुग्णाचा हात हातात घेते. गार आहे का, घामाने चिकट आहे का, गारवा मनगटापर्यंत आहे की कोपरापर्यंत चढलाय? मग नख दाबून सोडायचं. रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पुढचं सगळं झपाट्याने करायचं. गुडघ्यांवर जांभळी जाळी दिसते का ते पाहायचं. सावळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही, तिथे तळहात, जीभ, पापणीची आतली बाजू पाहावी. त्यानंतर श्वास, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून. आपल्या चार्टवर सगळ्यांचे श्वास २० असतात, हे बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. रक्तात आम्ल साठायला लागलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू पाहतं. पुष्कळदा बीपी हलायच्या कितीतरी आधी श्वास २६-२८ वर गेलेला असतो.

आणि माणसाचं बोलणं ऐकायचं. 'सिस्टर, माझो जीव घाबरता', 'माका कसातरीच होता' असं कुणी म्हटलं तर त्याला घाबरट ठरवू नका. दुपारी व्यवस्थित बोलणारा संध्याकाळी उगाच चिडचिड करतोय, सलाईन ओढतोय, तर मेंदूला रक्त कमी पडतंय असंच आधी धरायचं.

सुरंगी
रानजाईताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मी रत्नागिरीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम (प्रसूतीचं काम पाहणारी परिचारिका) आहे. आमच्याकडे शॉक म्हटला की बाळंतीण, म्हणून त्याबद्दल लिहिते.

गरोदरपणात बाईचं रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतपणानंतर रक्त गेलं तरी तिचा बीपी इतरांपेक्षा जास्त वेळ टिकून राहतो. आणि आपण अंदाज कमीच करतो. साडीत, गोधडीत, गादीत मुरलेलं रक्त डोळ्यांना दिसत नाही. कापड वजन करून पाहा, किंवा खाली मापाची पिशवी लावा. रानजाईताईंनी सांगितलेला भागाकार बाळंतिणीत ०.९ किंवा वर गेला तर मी वाट पाहत नाही. एक हात गर्भाशयावर चोळायला, दुसरीला हाक मारून ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) आणि दोन मोठ्या सुया, लघवीची पिशवी रिकामी. भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय आकुंचन पावत नाही, हे घाईत विसरलं जातं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून सावकाश, प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत. जितकं लवकर तितका उपयोग जास्त.

आपल्या भागात रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच ७-८ आहे, ती इतरांना सहज सोसेल एवढ्या रक्तस्रावानेही कोसळते. म्हणून तिचं कार्ड प्रसूतीच्या आधी वाचून ठेवायचं, नंतर नाही.

भातखाचर
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, कुडाळकडे शेती करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतला एकजण लेप्टोने गेला. ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, सगळं होतं. घरी 'लावणीचो अंगदुखी ताप' म्हणून गोळ्या घेत राहिला. रुग्णालयात पोचला तेव्हा चालत होता, आणि सकाळपर्यंत सगळं संपलं. एक विचारायचं आहे. नातेवाइकांनी घरी काय बघावं, की जेणेकरून थांबायचं नाही हे कळेल?

रानजाई
भातखाचर, वाचून फार वाईट वाटलं.

घरी बघायला चार-पाच गोष्टी पुरतात. ताप असो वा नसो, हातपाय गार आणि घामेजलेले आहेत का. सकाळपासून लघवी झाली का, झाली तर किती आणि कसल्या रंगाची. उठून बसलं की डोळ्यांपुढे काळोख येतो का. श्वास जोरात चालतोय का, थुंकीत रक्त आहे का. आणि माणूस विचारलेल्याचं सरळ उत्तर देतो का. यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा. पेज पाजून सकाळची वाट बघू नका. वाडीत कौल लावायची, गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे आणि तिचा मान मी ठेवते. घरातल्या एकाने देवळात जावं, बाकीच्यांनी त्याच वेळी रुग्णाला गाडीत घालावं.

चिखलात उतरणाऱ्यांनी पायावरच्या जखमा झाकाव्यात. लेप्टोची साथ असलेल्या भागात आरोग्य कर्मचारी डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी देतात, ती नाकारू नये.

घाटवाट
१०८ वर डॉक्टर आहे. सावंतवाडी, दोडामार्गकडचे रुग्ण बहुतेक गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, कणकवली-वैभववाडीकडचे घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. सिस्टर लोकांना गाडीच्या बाजूने काही सांगतो.

गाडीत बसल्यावर सुई लावणं फार अवघड असतं, वळणांवर तर अशक्यच. म्हणून निघायच्या आधी दोन सुया, शक्यतो जाड, म्हणजे हिरवी किंवा करडी, आणि दोन्ही नीट चिकटवलेल्या. एक बारीक गुलाबी सुई मनगटावर लावून पाठवलेला शॉकचा रुग्ण म्हणजे निम्मी तयारी. ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा. पूर्ण भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरतो. पण सिलिंडर पूर्ण भरलेला क्वचितच असतो, काटा पाहा. गार बोटांवर पल्स ऑक्सिमीटर खोटं बोलतो, कानाची पाळी वापरा. बीपीचं स्वयंचलित मशीन कमी दाबाला भरवशाचं नाही, हाताने पंप करून नाडी कुठे परत लागते ते बघा.

उपचाराबद्दल माझं मत असं, की जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये किलोमागे ३० मिलिलिटर सलाईन पहिल्या ३ तासांत गेलंच पाहिजे. ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. आपल्याकडे भीतीपोटी फारच कमी देतात.

डॉ_दर्यावर्दी
घाटवाट, ३० चा आकडा मार्गदर्शक सूचनांत आहे आणि तुमचं म्हणणं बऱ्याच रुग्णांना लागू पडतं. पण कोकणात सगळ्या शॉकना तो एकच आकडा लावायला मी धजणार नाही. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. डेंगीत झिरपणं २४ ते ४८ तासांत थांबतं, बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं, आणि तेव्हाही सलाईन तसंच चालू असेल तर तोच रुग्ण छाती भरून जातो. विंचवात तर हृदयच थकलेलं असतं.

माझी पद्धत अशी: २५० ते ५०० मिलिलिटर द्यायचं, आणि प्रत्येक वेळी नख, नाडी, श्वास, फुप्फुसाचा तळ पुन्हा पाहायचा. हात गरम झाले, लघवी सुरू झाली तर पुढे. श्वास २४ वरून ३२ वर गेला, तळाला चुरचुर ऐकू आली, तर थांबायचं आणि नॉरॲड्रिनलिनचा (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) विचार करायचा. हे बघायला मी दर १५ मिनिटांनी खाटेपाशी नसतो, सिस्टर असते. तिने 'सर, श्वास वाढलाय' असं सांगितलं म्हणून मी सलाईन थांबवलेले रुग्ण पुष्कळ आहेत.

५ टक्के डेक्स्ट्रोज शॉकसाठी वापरू नका. ते शिरेत टिकत नाही. एनएस (नॉर्मल सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट).

घाटवाट
मान्य. पण सर, थांबून पाहणारं कुणी नसेल तिथे 'थोडं थोडं द्या' याचा अर्थ 'फारच थोडं द्या' असा होतो, हे मी रोज बघतो. खाटेपाशी माणूस असेल तरच तुमची पद्धत चालते.

डॉ_दर्यावर्दी
हो, ते खरं आहे.

सुरंगी
विंचवाचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे चिरे उचलताना, नारळाची सोडणं हलवताना लाल विंचू डसतो. पूर्वी कित्येक मुलं जायची, असं जुन्या सिस्टर सांगायच्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना या रुग्णांच्या खाटेपाशी बसून निरीक्षणं केली. पुढे प्राझोसिन या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्यासारखीला याचा अभिमान यासाठी वाटतो की हे ज्ञान एका पीएचसीतून जगात गेलं.

नर्सिंगच्या दृष्टीने विंचूदंशात काय वेगळं, ते कुणी नीट लिहाल का? आमच्या नव्या मुली घाबरून आधी सलाईनचा वेग वाढवतात.

रानजाई
लिहिते. विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा लोट येतो. घाम, उलट्या, गार हातपाय, आणि बीपी सुरुवातीला चढलेलासुद्धा असतो. मुलग्यांत लिंग ताठ राहतं. पालक सांगायला लाजतात म्हणून आपणच पाहायचं, ती महत्त्वाची खूण आहे. पुढे हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, बीपी पडतो. म्हणजे गार हात इथेही आहेत, पण कारण वेगळं, आणि जोरात सोडलेल्या सलाईनने इथे नुकसान होऊ शकतं. खोकला, गुलाबी फेस, श्वास वाढणं यावर डोळा ठेवायचा. श्वास लागला असेल तर रुग्णाला टेकवून बसवायचं.

प्राझोसिन तोंडावाटे, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, डॉक्टरांच्या आदेशाने. दिल्यावर रुग्णाला उठू द्यायचं नाही, संडासलासुद्धा नाही, कारण उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली येतो. ३ तासांनी पुन्हा डोस. कुठवर द्यायचं? हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. म्हणून विंचवाच्या रुग्णाच्या चार्टवर मी 'पाय : गार/गरम, ओले/कोरडे' असा वेगळा रकाना आखून ठेवते. विंचवावरची लस उपलब्ध असेल तर प्राझोसिनबरोबर दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही डॉ. बावस्करांच्याच कामातून पुढे आलं.

तिवर
देवगड बंदरातला आहे, घरचा ट्रॉलर आहे. मासेवाल्यांची एक गोष्ट यात यायलाच हवी. जाळं ओढताना शिंगाळ्याचा काटा लागतो, पाकटाची नांगी बसते. लोक हळद लावून कामाला लागतात. बहुतेकांना काही होत नाही. पण आमच्या ओळखीत रोज दारू पिणाऱ्या एका खलाशाला रात्रीत पाय सुजून काळेनिळे फोड आले आणि दुसऱ्या दिवशी तो बेशुद्ध झाला. डॉक्टर म्हणाले की खाऱ्या पाण्यातला जंतू. असं खरंच होतं का?

डॉ_दर्यावर्दी
होतं. व्हिब्रिओ कुळातला एक जंतू कोमट खाऱ्या पाण्यात असतो. यकृत खराब असलेल्या, मधुमेही माणसात तो जखमेतून शिरला की काही तासांत शॉकपर्यंत नेतो. जखम दिसते त्यापेक्षा वेदना कितीतरी जास्त, सूज झपाट्याने चढते, रक्ताचे फोड येतात. सिस्टरने लालीच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहावी. तासाभरात रेघ ओलांडली तर सर्जनला बोलवा. पहिल्या तासात प्रतिजैविक, त्याआधी रक्ताचा कल्चर (कोणता जंतू आहे ते पाहायची तपासणी), पण कल्चरसाठी औषध अडवून ठेवायचं नाही. आणि 'जखम खाऱ्या पाण्यातली आहे' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, औषधाची निवड त्यावर ठरते.

तिवर
धन्यवाद डॉक्टर. हे मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहितो.

बकुळी
जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका. आम्हाला शिकवलं की शॉकमध्ये डोकं खाली, पाय वर. वॉर्डमध्ये सिस्टर म्हणाल्या, असं करू नको. खरं काय? आणि सर्पदंशाची लस देताना रुग्ण कोसळला तर तो विषाने की लसीने, हे कसं ओळखायचं?

रानजाई
बकुळी, अख्खी खाट डोक्याकडून खाली करणं आता सुचवत नाहीत. पोटातले अवयव छातीवर येतात, श्वास अडतो, फायदा टिकत नाही. रुग्ण सपाट, नुसते पाय वर, ते चालतं, पण छातीत पाणी असेल किंवा हृदयाचा शॉक असेल तर तेही नाही. पोटुशी बाई असेल तर तिला डाव्या कुशीवर.

लसीची गोष्ट अशी. लस सुरू केल्यापासून पहिली काही मिनिटं खाटेपाशीच उभी राहा. ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार हवं. अंगाला खाज, पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, घशात घरघर, पोटात कळ, अचानक पडलेला बीपी, ही लक्षणं लस सुरू झाल्यावर आली की रिॲक्शनच समजून लस थांबव आणि ॲड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम म्हणजे अर्धी ॲम्प्यूल. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. ५ मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीची औषधं नंतर, त्यांनी जीव वाचत नाही. रुग्णाला एकदम उठवून बसवू नको. सावरल्यावर लस पुन्हा सावकाश चालू करायची असते, कारण विष अजून अंगात आहे.

आपल्या सड्यांवर फुरसं भरपूर, आणि घोणस. दोन्हींत रक्त गोठत नाही. रक्त गोठतं का हे पाहायच्या २० मिनिटांच्या चाचणीसाठी काचेची नळी स्वच्छ, कोरडी हवी, साबणाने धुतलेली नको, आणि मध्ये हलवायची नाही. अशा रुग्णाला स्नायूत सुई टोचणं टाळायचं, ॲड्रिनलिनचा अपवाद सोडून. नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे. हिरव्या चापड्यावर ती चालत नाही.

सुरंगी
एक कटू गोष्ट लिहू का? एका ग्रामीण रुग्णालयात मी काही काळ होते. ३० खाटा आणि रात्रपाळीला मी एकटी. दर १५ मिनिटांनी नाडी-श्वास बघा, हे बरोबर आहे, पण कुणी बघायचं? लेबर रूममध्ये बाई अडलेली असताना डेंगीच्या मुलाचा चार्ट रिकामा राहतो. त्याचं खापर मात्र सिस्टरवर फुटतं.

रानजाई
सुरंगी, तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माणसं वाढवायलाच हवीत, त्याला पर्याय नाही, आणि हे आपण प्रत्येक बैठकीत लेखी द्यायला हवं.

तोवर मी जे करते ते सांगते. संशयाचा रुग्ण कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवत नाही, माझ्या टेबलासमोर घेते. एका नातेवाइकाला लघवीचं भांडं आणि वही देते. ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी, तेवढी खूण भांड्यावर करून देते. 'हात गार वाटले, बडबड करायला लागला, तर धावत ये' असं दोन वाक्यांत सांगते. घरची माणसं हे फार मनापासून करतात.

आणि डॉक्टरांना फोन करताना 'सर, पेशंट सिरियस आहे' म्हणायचं नाही. त्यांना झोपेतून उठवून कळतं काहीच नाही. असं सांगायचं: 'खाट ४, डेंगीचा १९ वर्षांचा मुलगा, ताप काल उतरला. तासाभरात नाडी ९६ वरून ११८, बीपी १०४/८४, हात कोपरापर्यंत गार, नखाला ५ सेकंद, ४ तासांत लघवी नाही. मला हा शॉक वाटतो. तुम्ही आत्ता यावं, तोवर आरएल किती सोडू?' 'मला शॉक वाटतो' हे शब्द उच्चारायला घाबरू नका. आणि फोनची वेळ, मिळालेला आदेश लगेच लिहून ठेवा.

घाटवाट
हे फोनचं वाक्य आमच्या गाडीतसुद्धा चिकटवतो. एक भर: नॉरॲड्रिनलिन हाताच्या शिरेतून चालू करून पाठवत असाल तर सुई कोपराजवळच्या मोठ्या शिरेत हवी, त्या हाताला बीपीचा पट्टा नको, आणि दुसरी सिरिंज आधीच भरून द्या. घाटात पहिली संपल्यावर भरायला बसलो तर तेवढ्यात बीपी जातो. शिरेभोवती कातडी पांढरी, गार दिसली की ती लाइन लगेच बदलायची. आणि औषध सोडणाऱ्या पंपाची बॅटरी चार्ज केलेली असू द्या.

बकुळी
शेवटचा प्रश्न. बीपीच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा असतात, त्यांची नाडी शॉकमध्येही ८० च असते. आणि गणपतीत बायकांच्या हातांना मेंदी, नखांना रंग. तेव्हा काय बघायचं?

डॉ_दर्यावर्दी
चांगला प्रश्न. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारख्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे नाडी-बीपीचा तो भागाकार तिथे फसवा. घरून आणलेली गोळ्यांची पिशवी उघडून पाहा. शिवाय नेहमी १६० बीपी असणाऱ्या आजोबांचा ११० म्हणजे त्यांच्यासाठी कमीच. श्वास, लघवी, बोलणं यांवर जास्त भर द्या.

रानजाई
मेंदी असेल तर छातीच्या मधल्या हाडावर बोटाने ५ सेकंद दाबून सोड आणि तिथे मोज. एका बोटाचा रंग ॲसिटोनने पुसायला मिनिटभर लागतं, तेवढं ॲडमिशनच्या वेळीच करून घे. आणि गुडघे बघायला विसरू नकोस, तिथे मेंदी नसते. ५० खाली गेलेली आणि १४० वर गेलेली नाडी दोन्ही फोनवर कळव.